गालातला गूळ

"आ कर बघू सानू. मोठ्ठा आ."

उज्ज्वला मोरीच्या कडेला उकिडवी बसली होती. हातात नवाकोरा गुलाबी ब्रश आणि त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट. समोर साडेचार वर्षांची सानू ओठ घट्ट मिटून उभी होती.

"आईला दात नाही दाखवणार?"

सानूनं मान हलवली, दोन पावलं मागं आली आणि माझा पदर धरून म्हणाली, "आक्काच घासंल."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जिनं जन्म दिला ती समोर बसून विनवतेय आणि पोरगी माझा पदर सोडत नाही, हे बघून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली, तरी तो क्षण मला लख्ख आठवतो. तसा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

उज्ज्वला माझी धाकटी जाऊ. आमचे विजयभावजी ट्रॅक्टर उलटून गेले तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि सानू वर्षाची. सहा महिने ती भिंतीकडं तोंड करून बसून राहिली. मग एक दिवस उठली आणि म्हणाली, "आक्का, मी नर्सिंगला जाते. मिरजेला. तीन वर्षांचा कोर्स आहे. सानूला सांभाळाल?"

सांभाळाल का म्हणे! माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. नवस-सायास, वैद्य-डॉक्टर सगळं करून माझी ओटी रिकामीच होती. मी सानूला उचलून कडेवर घेतलं ती खाली म्हणून ठेवलीच नाही.

तीन वर्षं संपली. उज्ज्वला पास झाली, मिरजेलाच एका दवाखान्यात चिकटली आणि जानेवारीत चार दिवसांची रजा काढून आली. आल्या आल्या, चहाचा कप हातात असतानाच म्हणाली, "आक्का, माझी ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. खोलीत एकटीला ठेवून कशी जाणार? मी विचार केलाय. जूनमध्ये सानूला इथल्याच शाळेत घालू. तुमच्याजवळच राहू दे. दहावीपर्यंत."

दहावीपर्यंत! म्हणजे अकरा वर्षं. मी नुसती मान हलवली. मालकांना सांगायला मी मळ्यातल्या गुऱ्हाळावर अक्षरशः पळत गेले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा ब्रश.

"दे इकडं," म्हणून मी उज्ज्वलाच्या हातातून ब्रश घेतला. "सानूबाई, आक्काला दाखवा बघू." सानूनं लगेच आ केला. मी ऐटीत उज्ज्वलाकडं बघितलं. उज्ज्वला मात्र सानूच्या तोंडात बघत होती.

वरचे पुढचे चारही दात हिरडीपाशी काळे पडून झिजले होते. मागं डाव्या बाजूच्या दोन दाढांना खड्डे होते आणि त्यांच्या वर हिरडीला शेंगदाण्याएवढा फोड. उज्ज्वलानं त्याला बोट लावलं मात्र, पोरीनं किंकाळी फोडली.

"आक्का, हे कधीपासून?"

"झालं असतील आठ-पंधरा दिवस."

"आठ दिवसांत दात असे होत नाहीत."

"दुधाचं दात ते. आज ना उद्या पडणारच हायत. आम्ही काय राखुंडीनं दात घासून मोठ्या झालो न्हाई?"

"तुम्ही रोज घासता ना हिचे? मी पत्रात लिहिलं होतं तसं?"

"दोन्ही टायमाला."

कोनाड्यात सानूचा जुना ब्रश होता. उज्ज्वलानं तो घेऊन उजेडात धरला. त्याचे केस चांगले पिंजारलेले होते. ते बघून तिचा जीव खाली पडल्यासारखा झाला. "सॉरी आक्का," ती म्हणाली. "उगाच तुम्हाला बोलले."

आता सांगायलाच पाहिजे. ते केस मी पिंजारले होते. उज्ज्वला येणार म्हटलं की आदल्या दिवशी मी तो ब्रश धुण्याच्या दगडावर घासायची. सुरुवातीला मी खरंच सानूचे दात घासायला बसायची. पण ब्रश तोंडात गेला की ती रडायची, आणि रडायला लागली की "आई, आई" करायची. मला ते "आई" ऐकवायचं नाही. मग एक दिवस ब्रश चुकला, मग आठवडा चुकला, मग तो कोनाड्यातच राहिला. मालक म्हणायचे, "शालन, पोरीच्या दातांकडं बघ जरा." मी म्हणायची, "पडणारच हायत."

गणपतीत उज्ज्वला आली होती तेव्हा तिला दातांवर पिवळट रेघ दिसली होती. टॉनिकचा डाग असेल म्हणून मी वेळ मारून नेली. त्यानंतर तिची परीक्षा आली आणि पाच महिने तिला येणं जमलं नाही.

आणि गूळ. खरं सगळं तिथंच आहे.

आमचं घर गुळाचं. पंचगंगेच्या काठी आमच्या सासऱ्यांनी घातलेलं गुऱ्हाळ. हंगामात रस आटवायच्या काहिलीखालचा जाळ विझत नाही, आणि गुऱ्हाळावर आलेला माणूस, मग तो वाटसरू का असेना, तोंड गोड केल्याशिवाय जात नाही. गूळ मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही ही आमच्याकडची रीतच. उज्ज्वला पहिल्यांदा मिरजेला गेली त्या संध्याकाळी सानू दारात बसून जी रडायला लागली ती कशानं थांबेना. खुळखुळा झाला, मांजर दाखवून झालं, मालकांनी खांद्यावर घेऊन फिरवलं. रडून रडून पोरगी निळी पडली. शेवटी मी गुळाचा मऊ खडा तिच्या गालात ठेवला. ती चोखत चोखत गप्प झाली आणि माझ्या मांडीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच गाल पुढं करून आली. मग दुपारी झोपताना एक, रात्री झोपताना एक. तीन वर्षं. सकाळी उठली की तिच्या ओठांना गुळाचा वास यायचा आणि मी तिथं पापा घ्यायची.

सानूचे दात बघितले त्याच दिवशी दहाच्या एसटीनं आम्ही तिघी कोल्हापूरला दातांच्या डॉक्टरकडं निघालो. गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलेलं, मालकांना हलता येत नव्हतं. वाटेत उज्ज्वला मला सांगत होती, कोर्समध्ये असताना तिला बालवाड्यांतून पाठवायचे. प्लास्टरचा जबडा आणि एवढा मोठा ब्रश घेऊन ती मुलांना शिकवायची. खालचे दात खालून वर, वरचे वरून खाली, दाढा गोल गोल. "दोनशे तरी पोरांना शिकवलं असेल," ती म्हणाली. "आणि माझीच बघा."

सानू माझ्या मांडीवर होती. माझ्या कमरेला पुडी होती, त्यात चार खडे होते. प्रवासात पेंगली तर असावेत म्हणून मी सवयीनं घेतले होते.

डॉक्टर हुपरीकर वयस्क गृहस्थ. त्यांनी सानूला खुर्चीत बसवलं, खुर्ची वर-खाली करून हसवलं आणि आरसा घालून बराच वेळ बघितलं. त्यांचं हसणं थांबलं.

"घरी गोड किती खाते?"

"गुऱ्हाळ आहे आमचं," उज्ज्वला म्हणाली. "हंगामात थोडं होतंच. पण आक्का दोन वेळा ब्रश करतात डॉक्टर. स्वतः करतात. ब्रश बघितला मी."

"हं. झोपताना तोंडात काही असतं का? दुधाची बाटली, साखरेचं पाणी, मधाचं बोट? नीट आठवून सांगा. पुढचे दात असे जातात ते बहुतेक त्यानंच."

त्यांनी विचारलं मला. खोलीत पंखा फिरत होता. उज्ज्वलासुद्धा माझ्याकडं बघत होती, पण तिच्या नजरेत संशय नव्हता. त्या क्षणी सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती रागावली असती, चार शब्द बोलली असती. पण माझ्या डोळ्यांपुढं जून महिना होता. निळा फ्रॉक, दप्तर, माझं बोट धरून शाळेत जाणारी सानू. दहावीपर्यंत.

"काय न्हाई," मी म्हणाले. "पेल्यानं दूध पिती, चूळ भरती आणि झोपती."

डॉक्टरांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. "मग कधीकधी दात मुळातच कच्चे येतात. आईला गरोदरपणात मोठा ताप वगैरे? काही औषधं?"

उज्ज्वलाचा चेहरा पांढरा पडला. "सातव्या महिन्यात टायफॉइड झाला होता. पंधरा दिवस गोळ्या होत्या."

"असू शकतं. नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे पोटात असतानाच मी..." ती तोंडाला रुमाल लावून हुंदके द्यायला लागली. नवरा गेला तेव्हासुद्धा ती चारचौघांत अशी रडली नव्हती.

मी काय केलं? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "असू दे गं. तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

डॉक्टरांनी पुढचे चार दात काढायचे ठरवले. ते राहिले तर खालून येणाऱ्या पक्क्या दातांना धोका होता. दाढांचं औषधानं पू कमी झाल्यावर बघू म्हणाले. मी सानूचं डोकं धरलं, उज्ज्वलानं हात धरले. सुई बघितल्यावर सानू आईकडं बघून ओरडली नाही. माझ्याकडं बघून ओरडली. "आक्का, नको म्हणून सांग की त्यास्नी! आक्का, सांग की!"

मी काही सांगितलं नाही. चार दात ट्रेमध्ये पडले. लवंगांएवढे होते आणि लवंगांसारखेच काळे.

बाहेरच्या बाकावर आम्ही अर्धा तास बसलो. सानूच्या तोंडात कापसाचा बोळा, डोळे सुजलेले. ती माझ्या मांडीवर आडवी झाली होती आणि तिचे पाय उज्ज्वलाच्या मांडीवर होते. उज्ज्वला तिचे तळवे चोळत होती. अजून मधून मधून तिला हुंदका येत होता.

"आक्का," सानू बोळ्यातून म्हणाली, "झोप येतीया. गूळ दे."

"गप बाळा. बोलायचं न्हाई आता."

"गालात ठेव की. रोज ठेवतीस तसा."

तळवे चोळणारा हात थांबला. "काय म्हणतेस सानू? कुठला गूळ?"

"सुईनं बडबडतीया ती," मी म्हणाले.

पण आईनं आपल्याला काहीतरी विचारलंय, याचं सानूला अप्रूप वाटलं. ती उठून बसली आणि हौसेनं सांगायला लागली. "आक्का झोपताना देती. ह्या गालात. तो सपला की ह्या गालात. आक्का म्हणती, आईची आठवण आली की गूळ चोखायचा. म्हंजी आठवण जाती."

"जाते?" उज्ज्वलानं विचारलं.

"व्हय. जाती."

"आणि ब्रश? ब्रश रोज करतेस ना तू?"

"ब्रश टोचतोय. आक्का दगडावर घासती त्याला." आणि ती हसली. पुढचे चार दात नसलेलं, रक्ताळलेलं तोंड उघडून हसली.

उज्ज्वलानं माझ्याकडं बघितलं नाही. सानूचे पाय हळूच खाली ठेवले, आत गेली, डॉक्टरांना सगळं सांगितलं. आवाज बाहेरपर्यंत येत होता. डॉक्टर म्हणाले, "मग तुमच्या टायफॉइडचा ह्यात काही संबंध नाही. ते डोक्यातून काढून टाका." मग ती बाहेर आली आणि सानूला माझ्या मांडीवरून उचलून तिनं स्वतःच्या कडेवर घेतलं.

एसटी स्टँडपर्यंत ती पुढं आणि मी मागं. सांगली-मिरजेच्या फलाटाशी ती थांबली.

"आपली गाडी पलीकडं लागती उज्ज्वला."

"मी परत जाते. सानूला घेऊन."

"तिचं कपडं?"

"घेईन तिथं."

"तुझी रात्रपाळी असती. कोण बघंल तिला?"

"बघीन काहीतरी."

"जूनपतोर तरी ठेव. तुझ्या पाया पडते. मी थोरली हाय, तरी पडते." आणि मी खरंच वाकले. तिनं दोन्ही हातांनी मला धरून सरळ उभं केलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी भांडले तरी असते.

"आक्का, गुळाचं मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "पोरगी रडायला लागली तर तुम्ही करणार काय? मी टाकून गेले होते. ब्रशचंही समजून घेतलं असतं. पण मघाशी मी स्वतःला दोष देत रडत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत होता."



गाडी लागली. सानूला वाटलं आपण तिघी निघालोय. खिडकीत बसून ती मला जागा दाखवत होती. "आक्का, हितं. चढ की लवकर." कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि घंटी मारली, तेव्हा तिला कळलं. तिनं खिडकीच्या गजांना तोंड लावून जो टाहो फोडला तो सगळ्या स्टँडनं ऐकला. तोंडातला बोळा खाली पडला, हनुवटीवर रक्त आलं. उज्ज्वला तिला मागं ओढत होती आणि ती गज सोडत नव्हती.

माझा हात कमरेच्या पुडीकडं गेला. एवढं सगळं होऊन गेल्यावरही गेला. मी खडा काढून खिडकीशी पळाले आणि हात वर केला. तेव्हा उज्ज्वलानं माझ्याकडं बघितलं. मी तशीच थांबले. गाडी निघून गेली.

घरी गेल्यावर मालकांनी विचारलं, "पोरगी कुठाय?" मी सांगितलं. ते पायात चपला घालून गुऱ्हाळावर गेले आणि दोन दिवस जेवायलासुद्धा घरी आले नाहीत.

पाडव्यानंतर मला राहवेना. मी एकटीच मिरजेला गेले. एका चाळीत तिची दहा बाय बाराची खोली होती. शेजारच्या म्हातारीकडं सानूला ठेवून ती कामावर जायची. मला वाटलं, दारातूनच परत पाठवेल. पण तिनं पाणी दिलं, पाठ टेकायला उशी दिली, चहा टाकला. दुपारची वेळ होती. सानू आत पडद्यामागं झोपली होती. मोरीपाशी एका पेल्यात दोन ब्रश उभे होते, एक मोठा आणि एक लहान, दोन्ही ओले. मी त्यांच्याकडं बघितलं आणि नजर वळवली.

"दाढांचं काय झालं?"

"एक काढली. एक भरली. बाकीचे राहतील म्हणाले."

"आता घासून घेती?"

"घेते. आधी मी करते, मग ती माझे करते. हिरड्या सोलून काढते माझ्या." ती जराशी हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचं हसू बघितलं आणि मला धीर आला. मग जे विचारायला आले होते ते विचारलं.

"रडती का गं अजून? माझ्यासाठी?"

उज्ज्वलानं चहा गाळला. कप माझ्यापुढं ठेवला. "पहिले अकरा दिवस रडली. खूप. जेवायची नाही, अंगाला हात लावू द्यायची नाही. आक्का पाहिजे, गूळ पाहिजे, हेच."

"मग काय दिलंस?"

"काही नाही दिलं. रजा वाढवून घेतली आणि मांडीवर घेऊन बसले. मारायची मला, चावायला तर दात नव्हते. मी बसून राहायची. ती रडायची, मग मीही रडायची. विजयची आठवण काढून रडायची. बाराव्या दिवशी माझ्या मांडीवर आपली आपण झोपली."

तीन वर्षांत मी त्या पोरीला आईसाठी एकदाही पोटभर रडू दिलं नव्हतं. मला वाटत होतं मी तिला माया देतेय.

"तुझी झाली म्हण की," मी म्हणाले.

"माझीच होती आक्का," उज्ज्वला म्हणाली. अगदी मऊ आवाजात म्हणाली.

तेवढ्यात पडद्याआड चाहूल लागली. सानू जागी झाली होती. कूस बदलल्याचा आवाज, मग एक बारीक कुरकुर. तीन वर्षं मी ती कुरकुर ओळखत होते. तिच्यापाठोपाठ हाक येणार हे मला माहीत होतं आणि हाक यायच्या आधीच, गुडघ्यावर हात टेकून, मी सवयीनं उठून उभी राहिले.

"आई," सानूनं हाक मारली.

उज्ज्वला माझ्या शेजारून आत गेली. मी परत खाली बसले.